परक्या गावच्या बागेत धावायला जाऊ का?

पत्राचा सारांश: नोकरीतून निवृत्त झालेल्या 58 वर्षांच्या एक वाचक येत्या एप्रिलमध्ये सहा आठवड्यांसाठी इंग्लंडला मुलीकडे जात आहेत. त्यातला एक आठवडा सगळं कुटुंब स्कॉटलंडला असेल. मागच्या खेपेस मुलीच्या घराजवळच्या बागेत नातीला खेळायला नेलं असताना त्यांनी पाहिलं, की दर शनिवारी सकाळी शे-दीडशे माणसं जमतात, 5 किलोमीटर धावतात आणि पांगतात. पैसे कुणी मागत नाही. घरी परतल्यावर त्यांनी चालायला सुरुवात केली. आता थोडं चालत, थोडं धावत 5 किलोमीटर अंतर त्या साधारण 50 मिनिटांत पार करतात. या वेळी आपणही त्या घोळक्यात असावं असं त्यांना फार वाटतं, पण मन कचरतं. ‘मी तिथली रहिवासी नाही, कर भरत नाही, मग फुकटचा लाभ का घ्यायचा? सगळ्यांत शेवटी आले तर? त्यांचं इंग्रजी समजलं नाही तर?’ जावई म्हणतात, ‘आई, तिथे सगळे सराईत असतात.’ मिस्टर म्हणतात, ‘परक्या देशात लोकांच्या वाटेत कशाला यायचं?’ त्यावर वाचकांनी मनाशी एक तोडगा काढलाय. पहिले दोन-तीन शनिवार तिथे स्वयंसेवक म्हणून राबायचं, ‘म्हणजे मग धावायला तोंड राहील’. आणि घरच्यांना ‘जरा पाय मोकळे करून येते’ एवढंच सांगून निघायचं. हे बरोबर आहे, की या वयात हा नाद सोडावा?

नमस्कार ताई,

नाद सोडू नका. जा. एवढं आधी सांगून टाकते, कारण ‘जावं की नाही’ याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तुम्ही काढलेल्या तोडग्याबद्दल.

तुमच्या वर्णनावरून ते ‘पार्करन’ आहे. त्याची सुरुवात 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनमधल्या टेडिंग्टनच्या बुशी पार्कात झाली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाचे धावपटू तेव्हा दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. धावणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये म्हणून त्यांनी शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं आणि स्वतः घड्याळ हातात घेतलं. पहिल्या दिवशी 13 जण धावले. कोण कितवा आला हे कळावं म्हणून शेवटच्या रेषेवर जे बिल्ले दिले, ते म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, नट-बोल्टला लावतात तसले वॉशर होते. आज हा उपक्रम वीसहून अधिक देशांत, लहान मुलांचे मेळावे धरून दोन हजारांहून अधिक ठिकाणी चालतो आणि अजूनही मोफत आहे. म्हणजे मुळात ज्याला धावता येत नव्हतं अशाच माणसाने तो चालू केला. तिथे उभं राहण्यासाठी काही सिद्ध करावं लागत असतं, तर संस्थापकच आधी बाहेर राहिला असता.

आता तुमच्या फुकटच्या प्रश्नाकडे. तो खुळा प्रश्न नाही. 2016 साली ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक इथल्या स्थानिक परिषदेने, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने, हाच प्रश्न विचारला होता. दर आठवड्याला शेकडो पाय बागेच्या वाटा तुडवतात, मग देखभालीचा वाटा त्यांनी उचलायला नको का, असं म्हणून परिषदेने पार्करनकडे पैसे मागायचं ठरवलं. पार्करनने नकार दिला, कारण एका ठिकाणी शुल्क मान्य केलं की ‘सगळीकडे, सगळ्यांसाठी, कायम मोफत’ हे तत्त्वच राहत नाही. तिथला उपक्रम बंद झाला. माझं मत विचाराल तर परिषदेच्या म्हणण्यातही काही अंशी तथ्य होतं. रस्ता झिजतो तो कुणाच्या तरी पैशाने दुरुस्त होतो. पण तो हिशेब संस्था आणि परिषद यांच्यातला. तुमच्या खात्यावर तो ओढून घेऊ नका. सार्वजनिक बागेत तुम्ही नातीला घेऊन बसलात, तिला घसरगुंडीवर सोडलंत, तेव्हा कर भरत नाही म्हणून मन खाल्लं का? नाही ना? मग पाय चालवायला लागल्यावरच का खावं?

पाहुण्यांबद्दल तर शंकाच नको. एकदा नोंदणी केली की मिळालेला, तुमची ओळख पटवणारा बारकोड जगातल्या कुठल्याही पार्करनला चालतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. प्रवासात वेगवेगळ्या गावांतली पार्करन गाठणं हा कित्येकांचा छंद असतो आणि सुरुवातीच्या सूचनांमध्ये ‘आज बाहेरून कोण आलंय?’ असं विचारून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्या टाळ्यांचा संकोच वाटला तर हात वर करू नका, बिघडत नाही.

आता तुमचा तोडगा. आधी राबायचं, मग धावायचं. वाचताना पहिल्यांदा मला तो फार आवडला. मग पत्र पुन्हा वाचलं आणि त्यातली एक गोष्ट खटकली. तुम्ही स्वयंसेवा करणार आहात ती आवड म्हणून नव्हे, प्रवेशाचं मोल म्हणून. आधी सगळ्यांचं करायचं, आपली पाळी शेवटी, आणि तीही कुणी हरकत घेणार नाही याची खात्री करून. आपल्याकडच्या कितीतरी बायका आयुष्यभर हाच क्रम पाळतात. तो तुम्ही विमानातून बरोबर घेऊन जाऊ नका. शिवाय यात एक पळवाटही आहे. ‘अजून एक शनिवार काम करते, मग धावते’ असं म्हणता म्हणता सहा आठवडे कसे सरतील, कळणारही नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की क्रम उलटा करा. पहिल्या शनिवारी बारकोड घेऊन धावणाऱ्यांत उभ्या राहा. दोनदा जाऊन या. तिसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी, मन झालं तर, स्वयंसेवक व्हा. तेव्हा ते फेडणं नसेल, तुम्हाला त्या सकाळची मजा कळलेली असेल. काम अवघड नसतं. एखाद्या वळणावर उभं राहून रस्ता दाखवायचा, बारकोड स्कॅन करायचे, शेवटच्या रेषेवर दिली जाणारी क्रमांकाची टोकनं क्रमाने लावायची. स्थानिक चमूला आधी ईमेल करून नाव द्यावं लागतं. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवी काम करता येतं. मात्र ते भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. पार्करन ही तिथली नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, तेव्हा एखाद-दुसऱ्या शनिवारची अडचण नाही. इतर देशांत जाणाऱ्यांनी मात्र तिथल्या व्हिसाचे नियम स्वतः पाहावेत. नुसतं धावण्याबद्दल कुणी काही विचारत नाही, ‘काम’ म्हटलं की काही देशांचे कान टवकारतात.

शेवटी येण्याच्या भीतीबद्दल. जावई म्हणतात ते अर्धं खरं आहे. पुढच्या रांगेत सराईत असतात, 17-18 मिनिटांत संपवून घाम पुसत उभे राहतात. पण त्यांच्या मागे जी लांबच लांब शेपूट असते तिच्यात गप्पा मारत चालणारे, बाळाची गाडी ढकलणारे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, आजारातून उठलेले असे सगळे असतात. 50 मिनिटं म्हणजे तिथे जगावेगळं काही नाही. शिवाय प्रत्येक पार्करनला ‘टेल वॉकर’ नावाचा स्वयंसेवक असतो. त्याचं कामच सगळ्यांच्या मागून चालायचं आणि सगळ्यांत शेवटी रेषा ओलांडायची. यादीतलं शेवटचं नाव त्याचं. त्यामुळे तुम्ही ठरवलंत तरी तुम्हाला शेवटचा क्रमांक मिळायचा नाही. ऑक्टोबर 2022 पासून तर चालणाऱ्यांना धीर यावा म्हणून ‘पार्कवॉकर’ ही वेगळी भूमिकाही सुरू झाली आहे. निळं जाकीट घातलेलं माणूस दिसलं तर त्याच्याबरोबर चालायला लागा.

आणखी एक सांगते, त्याने तुम्हाला या मंडळींचा कल कळेल. सुरुवातीच्या वर्षांपेक्षा आज पार्करनमध्ये लोकांना लागणारा सरासरी वेळ बराच वाढला आहे. एखाद्या शर्यतीच्या आयोजकांनी हे लपवलं असतं. पार्करनवाले ते अभिमानाने सांगतात, कारण वेळ वाढला याचा अर्थ पूर्वी जी माणसं आलीच नसती ती आता येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तर त्यांनी संकेतस्थळावरून वेगाच्या विक्रमांच्या याद्याच काढून टाकल्या. त्यावर वेगवान धावपटू चिडले. त्यांचंही चुकलं नाही. मेहनतीने मिळवलेला विक्रम एका रात्रीत दिसेनासा झाला तर कुणालाही लागेल. पण असल्या याद्या पाहून नवखी माणसं बिचकतात, हे त्या निर्णयामागचं एक कारण होतं. म्हणजे तुमच्यासारखीच.

भाषेचं म्हणाल, तर ती अडचण खरी आहे, पण छोटी. सुरुवातीआधी नवीन आलेल्यांसाठी वेगळी छोटी माहिती-सभा असते. तिला दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा आणि बोलणाऱ्याच्या अगदी जवळ उभ्या राहा. सगळं कळायची गरज नाही. फेऱ्या किती, आणि शेवटच्या फेरीनंतर कुठून आत वळायचं, या दोनच गोष्टी पक्क्या करून घ्या. ‘पुढच्याच्या मागे जाईन’ हा भरवसा धोक्याचा, कारण फेऱ्यांच्या मार्गावर तुमच्या पुढचा माणूस कदाचित तुमच्या एक फेरी पुढे असतो! त्याच्यामागे तुम्ही आत वळलात तर 5 किलोमीटर व्हायच्या आधीच टोकन हातात. आदल्या दिवशी संकेतस्थळावर त्या ठिकाणाच्या पानावरचा नकाशा पाहून ठेवलात तर निम्मं काम घरीच होतं. तिथेच वाट डांबरी आहे की गवताची हेही कळतं. एप्रिलमधलं ओलं गवत आणि गुळगुळीत तळव्याचे बूट ही जोडी टाळा.

रेषा ओलांडल्यावर काय होतं ते नीट सांगते, कारण पहिल्यांदा माणूस तिथेच गोंधळतो. रेषेपलीकडे दोरी किंवा शंकू लावून केलेली एक अरुंद वाट असते. तिच्यात शिरलं की वेग कमी करायचा आणि पुढच्याला मागे टाकायचं नाही, आलो त्याच क्रमाने चालायचं. टोकाला एक जण हातात छोटं प्लास्टिकचं टोकन देतो; त्यावर तुमचा क्रमांक आणि एक बारकोड. ते घेऊन स्कॅन करणाऱ्याकडे जायचं. आधी तुमचा स्वतःचा बारकोड दाखवायचा, मग टोकनचा. टोकन परत करायचं. हे परत करणं विसरू नका. धापा टाकत असताना ते अलगद खिशात जातं, मग घरी कपडे धुताना सापडतं आणि तिकडे स्वयंसेवक मंडळी गहाळ टोकन हुडकत बसतात. थोड्या वेळाने निकाल ईमेलवर येतो.

तो निकाल संकेतस्थळावर नावासकट सगळ्यांना दिसतो, हे मात्र माहीत असू द्या. तुमच्या जावयांनाही! आपला वेळ जगजाहीर व्हायला नको असेल तर बारकोड न दाखवता नुसतं धावून टोकन परत दिलं तरी चालतं. तुमची नोंद ‘अनोळखी’ म्हणून होईल. बारकोड नाही म्हणून कुणी हाकलत नाही, फक्त वेळ मिळत नाही. तरी पहिल्यांदा नोंद व्हावी असं मला वाटतं. 50 मिनिटं ही लपवण्यासारखी गोष्ट नाही.

नोंदणी निघायच्या आधी घरूनच करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुठूनही होते. बारकोड फोनवरही चालतो, पण परदेशात बागेत उभं असताना नेट नेमकं दगा देतं, म्हणून त्याचं चित्र फोनमध्ये साठवून ठेवा आणि एक कागदी प्रतही घ्या. छापलेल्या बारकोडवर अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं ते नाव आणि फोन नंबर येतो. तिथे मुलीचा तिथला नंबर द्या. तुमच्या स्वतःच्या घरच्या नंबरचा त्या बागेत कुणाला उपयोग नाही.

आणि याच ओघात तुमच्या ‘पाय मोकळे करून येते’ कडे येते. ताई, हे नको. नैतिक उपदेश म्हणून सांगत नाही. 58 वर्षांची व्यक्ती परक्या गावात पहाटे घराबाहेर पडते, पाय मुरगळतो किंवा रस्ता चुकतो, आणि घरी कुणालाच ती नेमकी कुठे आहे हे माहीत नसतं, हा प्रसंग मुलीवर आणू नका. दुसरं असं, की चोरून केलेल्या गोष्टीचा आनंद कुणाला सांगता येत नाही. पहिल्यांदा 5 किलोमीटर धावून आल्यावर तुम्हाला बोलायचं असणार. तेव्हा कुणापाशी बोलाल?

मिस्टरांच्या म्हणण्याचाही जरा विचार करू. ‘लोकांच्या वाटेत यायचं नाही’ ही भल्या माणसाची काळजी आहे, तिची थट्टा करू नका. फक्त तिचं उत्तर घरी बसणं नाही, वाटेत न येता धावणं हे आहे. सुरुवातीला मागे उभं राहायचं. अरुंद वाटेवर तिघी-चौघींनी हात धरून चालायचं नाही. मागून कुणी आलं तर बाजूला व्हायचं. बाग इतरांचीही असते, कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांना पहिला मान. सूचना चालू असताना गप्प राहायचं. हे पाळणारा पाहुणा कुणाच्या वाटेत येत नाही. आणि मिस्टरांना एक शनिवार बरोबर न्या की. बघायला येण्याला पैसे नाहीत, आणि धावून झाल्यावर बरीच मंडळी जवळच्या कॅफेत जाऊन बसतात, तिथे त्यांचं मन रमेल. ‘चला, तुम्हीही धावा’ असा आग्रह मात्र करू नका. एका घरात एकाच वेळी एकाचाच हट्ट पुरे.

तब्येतीचं थोडक्यात. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी शनिवार असेल तर तो सोडून द्या. लांबच्या प्रवासानंतर झोप मोडलेली असते, पाय सुजलेले असतात, अंगात पाणी कमी असतं. पुढच्या आठवड्यात मात्र तुमचा फायदाच आहे. पश्चिमेला गेलं की सुरुवातीला पहाटेच डोळे उघडतात, तेव्हा उठायचा प्रश्नच नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘मी तिथे धावणार आहे’ असं स्पष्ट सांगा, आणि प्रवास विम्यात अशा हौशी धावण्यातली दुखापत धरली जाते का तेही बघा. सवयीचे बूट न्या. नव्या देशात नवे बूट घालून पहिल्याच दिवशी 5 किलोमीटर नको. बूट हातातल्या सामानात ठेवा. बॅग उशिरा आली तरी शनिवार हुकणार नाही. कपडे कुठलेही, तुम्ही घरी ज्यात चालता ते. फक्त एप्रिलमध्ये तिथे सकाळी गारठा असतो, तेव्हा एकावर एक दोन पातळ थर घाला. अंग तापल्यावर वरचा काढून कमरेला बांधता येतो. पिशव्या ठेवायला जागा असली तरी बहुधा राखण कुणी करत नाही, म्हणून पासपोर्ट आणि पैसे घरीच बरे.

हे वाचणाऱ्या इतरांची परिस्थिती तुमच्यासारखी नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. कामासाठी दोन-चार दिवस परदेशी जाणाऱ्यांना कुटुंबाचा प्रश्न नसतो, वेळेचा असतो. पार्करन शनिवारीच असतं आणि वेळ देशागणिक बदलते: सिंगापूरला सकाळी 7:30, न्यूझीलंडला 8, जर्मनी आणि पोलंडमध्ये 9. ऑस्ट्रेलियात तर राज्याराज्यांत फरक आहे. एके ठिकाणची वेळ दुसरीकडे गृहीत धरून गेलं की रिकामी बाग पाहायला मिळते. जिथे इंग्रजी चालत नाही तिथेही घाबरू नका. बारकोड, टोकन, स्कॅन ही रीत सगळीकडे सारखीच आहे. मात्र एखाद्या देशात पूर्वी होतं म्हणून आता असेलच असं नाही. फ्रान्समध्ये धावणाऱ्यांकडून वैद्यकीय दाखला घेण्याच्या तिथल्या नियमामुळे 2022 साली पार्करन थांबवावं लागलं. तेव्हा तिकीट काढण्याआधी संकेतस्थळावरचा नकाशा बघा.

जिथे पार्करन नाही तिथे दुसरे मोफत गट असतात. ‘नोव्हेंबर प्रोजेक्ट’ 2011 साली बोस्टनमध्ये दोन मित्रांनी सुरू केला. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी भल्या सकाळी मोकळ्या जागेत व्यायाम, पैसे नाहीत. तिथे मिठ्या आणि आरडाओरडा बराच असतो, ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आधी लांबून पाहावं. खेळाच्या सामानाची दुकानंही बऱ्याच शहरांत आठवड्यातून एकदा मोफत धाव ठेवतात. तिथे एक काळजी घ्या: वेगाचे गट पडलेले असतात आणि पार्करनसारखा सगळ्यांच्या मागून येणारा माणूस असेलच असं नाही. ‘सगळ्यांत हळू गटाचा वेग काय, आणि मागे राहिलेल्यासाठी कुणी थांबतं का?’ हे आधी विचारून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर अनोळखी शहरात, विशेषतः संध्याकाळी, त्या वाटेला जाऊ नका.

पुन्हा तुमच्याकडे येते, कारण नातीचं राहिलं. ती आता 4 ते 14 या वयात असेल तर तिच्यासाठी रविवारी ‘ज्युनियर पार्करन’ असतं, 2 किलोमीटरचं. सगळ्या बागांत नाही, जवळचं शोधावं लागेल. तिचीही वेगळी नोंदणी करावी लागते, ती आई-बाबांनी करायची. शनिवारी मोठ्यांबरोबर तिने यायचा हट्ट धरला, तर 11 वर्षांखालच्या मुलाने सोबतच्या मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरातच राहायचं असा नियम आहे. म्हणजे तुमचा वेग ती ठरवणार. पहिल्या खेपेला तिला घरी ठेवा, स्वतःसाठी जा.

शुक्रवारी संध्याकाळी त्या ठिकाणाचं पान उघडून बघायची सवय लावून घ्या. बर्फ, वादळ, बागेत दुसरा कार्यक्रम अशा कारणांनी एखादा शनिवार रद्द होतो आणि ती सूचना तिथेच लागते. आणि स्कॉटलंडच्या आठवड्यात शनिवार येत असेल तर लक्षात ठेवा, इंग्लंडमध्ये सुरुवात 9 ला असते, तिथे 9:30 ला. एडिनबरोला मुक्काम असेल तर क्रॅमंडला समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर एक पार्करन आहे. चढ नाहीत, वारा मात्र असतो. कानटोपी न्या.